छत्तीस खुर्च्यांची पेटी

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. एवढ्या एका पेटीत छत्तीस खुर्च्या बसत. खुर्ची सुटी केली की तिचे सहा लाकडी भाग होत, आणि ते परत जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट पुरत. मध्य युरोपात मोराव्हिया नावाचा प्रांत आहे, आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्वेकडचा भाग. तिथल्या जंगलाकडेच्या एका गावातून ही पेटी निघे, आगगाडीने बंदर गाठे आणि जहाजाने समुद्रापलीकडे जाई. पोचल्यावर खुर्ची उभी करायला सुतार लागत नसे. स्क्रू पिळता येणारा कोणीही माणूस चाले. या खुर्चीचं साल १८५९. सुटं करून खोक्यात विकल्या जाणाऱ्या आजच्या फर्निचरला लोक नव्या जमान्याची कल्पना समजतात. ती कल्पना या पेटीत तेव्हाच भरलेली होती.

या खुर्चीची मराठी वाचकाला नव्याने ओळख करून द्यायला नको. मुंबईतल्या जुन्या इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलाशी जी काळपट तपकिरी, गोल बैठकीची, पाठीला एकात एक दोन कमानी असलेली खुर्ची असते, ती हीच किंवा हिची सख्खी बहीण. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर मागच्या एका पायापासून निघालेलं लाकूड वर चढतं, कमान घेतं आणि खाली उतरून दुसरा मागचा पाय होतं. मधे कुठेही सांधा नाही. आपल्याकडचा कसबी सुतार असा आकार करायचा तर जाड लाकडातून कोरून काढील किंवा तीनचार तुकडे जोडील. इथे सरळ दांडा वाकवलेला आहे. वाकवण्याच्या या एका कसबावर एक कारखाना दीडशेहून जास्त वर्षं चालला. त्याच्यावरून एक साम्राज्य गेलं, दोन महायुद्धं गेली, सरकारीकरण गेलं, पुन्हा खासगीकरण आलं, आणि तो आजही चालतो आहे. खुर्चीचं कौतुक कलासंग्रहालयांनी पुष्कळ केलं. मला कौतुक वाटतं ते कारखान्याचं.

या खुर्चीचा आणि कारखान्याचा कर्ता मिखाएल टोनेट हा जन्माने ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावचा. जन्म १७९६चा. १८१९ साली त्याने स्वतःचं सुतारकामाचं दुकान काढलं. तिशी ओलांडल्यावर त्याला एका प्रयोगाचा ध्यास लागला. लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, सरसात उकळायचे, एकावर एक ठेवून साच्यात दाबायचे आणि वाळू द्यायचे. वाळल्यावर साच्याचा वळसा लाकडात कायमचा राही. यातून हलक्या, डौलदार खुर्च्या होऊ लागल्या. लाकूड कमी लागे आणि कोरीवकामाचे दिवसच्या दिवस वाचत. १८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर मेटर्निख यांच्या नजरेत हे काम भरलं आणि त्यांनी टोनेटला व्हिएन्नाला बोलावलं. पुढच्या वर्षी तिथे त्याला लाकूड वाकवण्याचा विशेषाधिकार मिळाला. इकडे बोपार्डला मात्र कर्ज डोईजड झालं होतं आणि घरची मालमत्ता हातची गेली होती. पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस बायकामुलांसह परक्या शहरात आला आणि दुसऱ्याच्या हाताखाली काम करू लागला. लिख्टेनश्टाइन घराण्याच्या व्हिएन्नातल्या राजवाड्याचं काम चाललं होतं. तिथल्या लाकडी जमिनी आणि खुर्च्या करण्यात त्याची काही वर्षं गेली.

राजवाड्याच्या कामावर कारागिराचं पोट भरतं, नावही होतं. पण राजवाडे किती असणार? १८४९मध्ये टोनेटने पुन्हा स्वतःचं काम सुरू केलं आणि लगेचच व्हिएन्नातल्या कॅफे डाउमला खुर्च्या पुरवल्या. या वळणाकडे इतिहासकारांनी द्यावं तेवढं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं. कॅफेची गरज राजवाड्याहून अगदी वेगळी. तिथे दिवसभर माणसं उठतात, बसतात, खुर्च्या ओढतात, रात्री उलट्या करून टेबलावर ठेवतात. खुर्ची हलकी हवी, दणकट हवी, स्वस्त हवी आणि सगळ्या एकसारख्या हव्यात. सरदारासाठी केलेली प्रत्येक खुर्ची निराळी असली तर तिचा मान वाढतो. कॅफेवाल्याला तोच निराळेपणा अडचणीचा. मध्यमवर्ग घराबाहेर पडून वर्तमानपत्र वाचत, गप्पा मारत बसू लागला, तेव्हा त्याला बसायला काहीतरी लागणार होतं, आणि टोनेटने ते वेळेत ओळखलं. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. १८५३मध्ये त्याने धंदा पाच मुलांच्या नावे केला. ‘गेब्रुडर टोनेट’, म्हणजे टोनेट बंधू.

मग अडचण आली ती हवेची. पापुद्रे चिकटवून केलेल्या खुर्च्या समुद्रापार उष्ण आणि दमट प्रदेशांत गेल्या आणि तिथे सरस सुटू लागला. आपला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला याचं नवल वाटणार नाही. निर्यातीवर डोळा ठेवून बसलेल्या घराण्यापुढे दोन वाटा होत्या. दमट देशांचा नाद सोडायचा, किंवा सरसच काढून टाकायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. पण सरस काढायचा तर अखंड लाकूड वाकवावं लागणार.

अखंड लाकूड वाकवताना ते का मोडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. दांडा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. वाफवलेल्या लाकडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. वाफवून मऊ केलेलं बीच झाडाचं लाकूड लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकंसुद्धा आत दाबलं जाऊ शकतं. ताण मात्र जेमतेम एकदोन टक्केच. त्यापुढे बाहेरच्या बाजूचे तंतू फाटतात. टोनेटची युक्ती अशी की वाकवण्याआधी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळायची. पट्टी ताणली जात नाही, म्हणून तिला चिकटलेलं लाकूडही ताणलं जाऊ शकत नाही. मग वाकवताना सगळा भार आतल्या बाजूच्या दाबावर येतो, आणि तो तर लाकडाला झेपतो. १८५६मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. मुदत तेरा वर्षांची.

एवढी साधी पट्टी. पण तिने सुतारकामाचा पाया हलवला. आता खाचा पाडून सांधे बसवणाऱ्या, वर्षानुवर्षं शिकून तयार झालेल्या कारागिराची जागा वाफेच्या पेटीने, लोखंडी साच्याने आणि साच्याभोवती दांडा ओढणाऱ्या दोघा दणकट माणसांनी घेतली.

पेटंट हाती आल्याबरोबर टोनेट बंधूंनी व्हिएन्नाबाहेर जागा शोधली. मोराव्हियातलं कोरिचानी हे गाव त्यांनी निवडलं, आणि १८५७पर्यंत तिथला कारखाना सुरू झाला. निवडीची कारणं अगदी रोखठोक होती. आसपास बीचची घनदाट जंगलं होती. बीच हे तोवर बरंचसं जळणाचं लाकूड मानलं जाई. सुतार त्याच्या वाटेला फारसा जात नसे, कारण ते ओलाव्याने फुगतं आणि वेडंवाकडं होतं. वाफ देऊन वाकवायला मात्र ते उत्तम. रेल्वेही आवाक्यात होती. आणि आजूबाजूच्या गावांत कमी मजुरीवर काम करणारी माणसं होती. हे तिसरं कारण कंपनीच्या गौरवकथांत दबक्या आवाजात येतं, पण पेटीतल्या छत्तीस खुर्च्या स्वस्त असण्यात त्याचा वाटा मोठा आहे. यंत्रं मिखाएलने स्वतः आखली होती आणि प्रत्येक काम लहान लहान पायऱ्यांत तोडलं होतं. तेव्हा ज्यांनी आयुष्यात रंधा धरला नव्हता ते शेतमजूरही थोड्या दिवसांत कामाला लागू शकत.

कामाची वाटणी ठरलेली असे. पुरुष लाकूड कापत, कातत, वाफवत आणि वाकवत. बायका घासकाम करीत, पॉलिश करीत, माल पेट्यांत भरीत. वेताची बैठक विणणं हेही बायकांचं काम. त्यातलं बरंचसं घरी बसून होई. बैठकीच्या कड्या गावोगावच्या घरांत जात आणि विणून परत येत. हा वेत आग्नेय आशियातून समुद्रमार्गे येई. म्हणजे ज्याला आपण व्हिएन्नाची खुर्ची म्हणतो तिचं लाकूड मोराव्हियाच्या डोंगरातलं, वेत विषुववृत्ताजवळच्या जंगलातला, आणि तो विणणारी बोटं एखाद्या चेक शेतकऱ्याच्या बायकोची किंवा मुलीची. व्हिएन्नाचं काय असेल तर दुकानाची पाटी.

१८६१मध्ये दुसरा कारखाना बिस्त्रित्से या गावी उभा राहिला, होस्टिन डोंगराच्या पायथ्याशी. पुढची हकिकत मुख्यतः या कारखान्याची आहे. त्यानंतर हंगेरीच्या हद्दीत आणि मोराव्हियात आणखी कारखाने निघाले. १८८० साली रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये रादोम्स्को इथे एक निघाला, कारण सीमेवरची जकात चुकवून रशियाच्या मोठ्या बाजारात शिरायचं तर माल सीमेच्या आतच तयार व्हायला हवा होता. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत खुर्च्या पोलंडहून आल्याचं अभिमानाने सांगतात. रादोम्स्कोचा हा कारखाना ठाऊक असला की ती गोष्ट ऐकीव वाटेनाशी होते. अर्थात प्रत्येक वाकवलेली खुर्ची टोनेटची नसते. खुर्ची उलटी करून बैठकीच्या कडीच्या आतल्या अंगाला पाहावं. तिथे छाप किंवा चिकटवलेल्या कागदाचा अवशेष सापडला तर ओळख पटते. आपल्याकडे अशा खुर्च्या दशकानुदशकं रंगाच्या थरांखाली आहेत, आणि त्यांची नोंद करण्याचं काम कोणी वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

ज्या खुर्चीने ही सगळी घडामोड पेलली तिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. चौदा. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. १९३०पर्यंत तिच्या पाच कोटी प्रती विकल्या गेल्याचं सांगितलं जातं. आकड्यांच्या या पद्धतीतच कारखान्याची शहाणीव आहे. एका खुर्चीसाठी केलेली बैठकीची कडी दुसरीला चाले, एकीचे पुढचे पाय तिसरीला. थोड्या भागांची अदलाबदल करून मॉडेलं वाढवता येत. आणि गिऱ्हाइकाच्या घरी एक पाय मोडला तर खुर्ची फेकावी लागत नसे. तोच भाग बदलून मिळे.

१८६९मध्ये पेटंट संपलं. मिखाएल १८७१ साली वारला, म्हणजे मक्तेदारी गेल्यानंतरची दोनच वर्षं त्याने पाहिली. तोवर याकोब आणि योझेफ कोन या नावाने चालणारी कंपनी त्याच मोराव्हियात, त्याच जंगलांच्या कडेला, तीच खुर्ची करू लागली होती. पाठोपाठ डझनावारी कारखाने आले. स्वस्ताईत टोनेटशी बरोबरी करणं कोणालाही शक्य झालं. पेटंट गेल्यावर एखादं घराणं कोर्टकचेऱ्यांत अडकलं असतं. टोनेटांनी जंगलं विकत घेतली, कारखाने वाढवले आणि जगभर दुकानं उघडली.

कोन मंडळींनी मात्र एका बाबतीत टोनेटांना मागे टाकलं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हिएन्नात वास्तुकारांची नवी पिढी उभी राहत होती, आणि कोन कंपनीने तिला थेट कारखान्यात बोलावलं. आडोल्फ लोसने १८९९ साली कॅफे म्यूझियमसाठी आखलेली खुर्ची कोनने केली. योझेफ हॉफमनने त्यांच्यासाठी काम केलं. तोवर खुर्ची कशी असावी हे लाकडाच्या वाकण्यावरून ठरत होतं. आता आखणारा माणूस वेगळा आणि वाकवणारा वेगळा झाला. टोनेटही मग त्या वाटेने गेले. या बदलाने खुर्च्या अधिक देखण्या झाल्या हे कबूल केलं पाहिजे. पण कारखान्यातल्या माणसाचं डोकं आणि हात यांतलं अंतरही तेव्हापासून वाढलं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य विरघळलं. एका देशातले कारखाने एकदम तीनचार देशांत विखुरले. दर सीमेला नवी जकात, नवं चलन. लिओपोल्ड पिल्झर या धडाडीच्या उद्योजकाने मुंडुस नावाखाली लहान कारखाने आधीच एकत्र केले होते. १९१४मध्ये कोन त्यात आले आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला टोनेटही. ज्या कोनशी अर्धं शतक चुरस चालली त्याच्याशी अखेर एका छपराखाली संसार झाला.

त्याच दशकात खुर्चीचं लाकूडच धोक्यात आलं. मार्सेल ब्रॉयर, मार्ट स्टाम, मीस व्हान डेर रोह ही वास्तुकार मंडळी पोलादी नळ्या वाकवून खुर्च्या करू लागली. मागचे पाय नसलेली, बसल्यावर किंचित झुलणारी खुर्ची त्यातूनच आली. लाकूड वाकवणाऱ्या कंपनीने या नव्या मालाला नाकं मुरडली असती तर कोणी दोष दिला नसता. टोनेटने १९२९मध्ये ब्रॉयरच्या नळीच्या खुर्च्या करणारी कंपनीच विकत घेतली, आणि जर्मनीतल्या फ्रांकेनबर्गच्या कारखान्यात पोलादी नळ्या वाकू लागल्या. त्यातून खटलाही झाला. झुलत्या खुर्चीचा कलाकृती म्हणून हक्क कोणाचा यावर जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली निकाल दिला. हक्क मार्ट स्टामचा ठरला. खुर्चीला कलाकृतीचा दर्जा मिळण्याच्या इतिहासात या निकालाचं महत्त्व आहे. ब्रॉयरच्या एका गाजलेल्या खुर्चीत पोलादी नळीला लाकडाची चौकट आहे आणि चौकटीत वेताचं विणकाम. मोराव्हियातल्या बायकांचं कसब तिथेही पोचलं. आणि दुसरीकडे, नव्या वास्तुकलेचा खंदा पुरस्कर्ता ल कॉर्बुझिए याने १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनातल्या आपल्या दालनात नवं काही न आखता टोनेटची वाकवलेल्या लाकडाची, हात असलेली जुनी खुर्ची ठेवली. त्या काळी ती साध्या हॉटेलांत आणि कचेऱ्यांत दिसणारी वस्तू होती.

नाझी आले तेव्हा पिल्झर अमेरिकेला गेले. युद्धाच्या अखेरीस फ्रांकेनबर्गचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. १९४५ साली चेकोस्लोव्हाकियाने जर्मन मालकीचे कारखाने ताब्यात घेतले आणि बिस्त्रित्से, कोरिचानी हे सगळं टोनेट घराण्याच्या हातून कायमचं गेलं. घराण्यापाशी उरलं ते नाव आणि फ्रांकेनबर्गचा ढिगारा. बिस्त्रित्सेला उरली यंत्रं, साचे आणि माणसं.

घराण्यातल्या गेओर्ग टोनेटने फ्रांकेनबर्गचा कारखाना विटेवर वीट रचून पुन्हा उभा केला. तिथे आजही चौदा नंबरची खुर्ची होते, पण तिचा नंबर आता २१४ आहे. नळीच्या खुर्च्या हाही तिथला मोठा व्यवहार. बिस्त्रित्सेला टोनेट नाव वापरता येईना. १९५३पासून तो सरकारी कारखाना ‘टोन’ झाला. वाकवलेल्या फर्निचरचा कारखाना या चेक शब्दांची ती आद्याक्षरं. पोलादी पडद्यामागे राहूनही माल बाहेर जातच राहिला. १९९०च्या दशकात तो पुन्हा खासगी झाला.

खरा वारस कोण, यावर फर्निचरचे जाणकार वाद घालतात. माझं मत बिस्त्रित्सेच्या बाजूने आहे. नाव, घराणं आणि आराखडे फ्रांकेनबर्गकडे आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण १८६१पासून ज्या जागी वाफेच्या पेटीतून दांडा निघतो, दोघं त्याला पट्टी आवळून साच्याभोवती ओढतात आणि काही मिनिटांत, लाकूड थंड होण्याआधी, काम उरकतात, ती जागा बदललेली नाही. मालकाची पाटी ऑस्ट्रियन होती तेव्हा तिथे हेच चाललं होतं, जर्मन ताब्यात हेच, सरकारी अमलात हेच. नव्या मालकाने प्रत्येक वेळी पाहिलं असेल की इथे विकत घेण्यासारखी गोष्ट आहे ती वाकवणाऱ्यांच्या हातात, आणि ती सोडली तर उरतात जुनी साच्यांची लोखंडं.

टोनमध्ये आता भाग कापायला आणि कोरायला संगणकाने चालणारी यंत्रं आहेत. वाकवणं हाताने. याला जुन्याचा मोह म्हणता येणार नाही. दर दांड्याचे तंतू निराळे असतात, गाठ कुठे आहे हे वाकवतानाच हाताला कळतं, आणि ओढण्याचा वेग त्यावरून कमीजास्त करावा लागतो. तुटणारे दांडे कमी व्हावेत ही गरज पैशाचीच आहे. कारखान्याने तरुण आखणीकारांना बोलावून नवी मॉडेलं काढली. अलेक्झांडर गुफ्लरने आखलेली मेरानो खुर्ची त्यांतली नावाजलेली. ती आणि चौदा नंबर एकाच यादीत शेजारी छापलेल्या असतात. चौदाच्या खाली जुन्या सवयीप्रमाणे सुटे भागही मागवता येतात का, हे मुंबईतल्या ज्या हॉटेलवाल्यांच्या खुर्च्या डगमगू लागल्यात त्यांनी जरूर विचारून पाहावं. जुन्या खुर्चीची बैठक प्लायवूडच्या गोल तुकड्याने बुजवण्याआधी वेत विणणाऱ्याला बोलवावं. आपल्याकडे अंध शाळांमधून खुर्च्या विणायला शिकलेल्या अनेकांनी या कामावर घर चालवलं. ते हात अजून आहेत, आणि त्यांच्याकडे काम न्यायला हवं.